साहेबांचा मूड

हवामान खात्याचे अंदाज चुकतात याचं मला कधीच नवल वाटलं नाही. त्यांच्याकडे उपग्रह आहेत, रडार आहेत, पण बँकेतला कारकून नाही. सकाळी पावणेदहाला साहेबांची गाडी शाखेसमोर कशी लागते, एवढ्यावरून संध्याकाळपर्यंतचं हवामान सांगणारी माणसं आमच्याकडे टेबलागणिक बसलेली आहेत. गाडी एका झटक्यात लागली तर आकाश निरभ्र. दोनदा मागेपुढे झाली तर दुपारनंतर ढगाळ. दार आपटलं तर रजेचा अर्ज खिशातच ठेवावा. आल्याआल्या साहेबांनी पाणी मागितलं तर घरी काहीतरी बिनसलंय. चहा मागितला तर सगळं ठीक आहे. आणि काहीच न मागता केबिनचं दार ओढून घेतलं, तर रीजनल ऑफिसचा फोन गाडीतच येऊन गेला असं खुशाल समजावं. आमच्या शाखेतले शिपाई मामा तर साहेबांच्या नुसत्या बुटांच्या आवाजावरून सांगतात, की सहीचे कागद आत्ता आत न्यायचे की जेवणानंतर. मामा आठवी शिकलेले आहेत.

मी बी. कॉम. आहे, पण ही विद्या मला कॉलेजात कुणी शिकवली नाही. ती टेबलावर बसून येते आणि पोटासाठी येते. कुणाला रजा हवी असते, कुणाला मुलीच्या गॅदरिंगला अर्धा तास लवकर सटकायचं असतं, कुणाला बदलीच्या अर्जावर दोन बऱ्या ओळी हव्या असतात. या सगळ्या वाटा साहेबांच्या मनातून जातात. मग त्या मनातले खड्डे आणि स्पीडब्रेकर पाठ नकोत? २०२४ च्या वेतनकरारात आम्हां कारकुनांचं नाव बदलून ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ असं भारदस्त झालं. घरी जाऊन मोठ्या झोकात सांगितलं, तर बायको एवढंच म्हणाली, “म्हणजे काम तेच ना?” काम तेच. मूड बघण्याचंही तेच.

पुढे मला कळलं, की या आमच्या विद्येला अमेरिकेत नाव मिळालेलं आहे. १९९० साली पीटर सालोव्हे आणि जॉन मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी तिला ‘भावनिक बुद्धिमत्ता’ म्हटलं. १९९५ साली डॅनियल गोलमन नावाच्या लेखकाने त्याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि ते जगभर खपलं. १९९८ साली याच गोलमनसाहेबांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये लिहिलं, की उत्तम नेता हुशारीने किंवा कामाच्या ज्ञानाने ठरत नाही. ते सगळं लागतंच, पण खरा फरक पडतो तो स्वतःचं मन ओळखण्याने, त्याला आवर घालण्याने आणि समोरच्याचं मन जाणण्याने. अशा नेत्याच्या हाताखालची माणसं मनापासून काम करतात. हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. जे आम्ही कारकून मंडळी पिढ्यान्‌पिढ्या साहेबांसाठी करत आलो, ते साहेबांनी आमच्यासाठी करावं, असं म्हणणारा कुणीतरी निघाला होता!

आता असं बघा. कारकुनाला साहेबाचा मूड ओळखता आला नाही तर कारकुनाची रजा बुडते. साहेबाला कारकुनाचा मूड ओळखता आला नाही तर साहेबाचं काय बुडतं? बुडत असेलही काही, पण ते त्याच महिन्यात बुडत नाही. म्हणून ही विद्या खालून वर सुखाने वाहते. वरून खाली मात्र ती आपसूक येत नाही, तिला ट्रेनिंगला पाठवावं लागतं.

आमच्या साहेबांना पाठवलं. परिपत्रकच आलं होतं : शाखाधिकाऱ्यांसाठी तीन दिवसांचा निवासी अभ्यासवर्ग, विषय ‘भावनिक बुद्धिमत्तेद्वारे कर्मचारी-प्रेरणा’.

आमची शाखा आहे माणला. माण म्हणजे मुळशी तालुक्यातलं, हिंजवडीला खेटून असलेलं गाव. सातारा जिल्ह्यातला माण वेगळा. तिकडे पाऊस नाही, आमच्याकडे रस्ता नाही. म्हणजे रस्ता आहे, पण तो मोटारींच्या खाली असतो, सहसा दिसत नाही. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा माणच्याच रानात उभा राहिला आणि जिथे भातखाचरं होती तिथे काचेचे मनोरे आले. त्यामुळे आमच्या काउंटरसमोरच्या एकाच रांगेत गळ्यात कंपनीचा पट्टा घातलेला इंजिनियर, त्याच कंपनीच्या गेटवर उभा राहणारा लातूरकडचा सिक्युरिटी गार्ड आणि ज्यांच्या रानावर ती कंपनी उभी आहे त्या आजी असे तिघे उभे असतात. तिघांचंही काम एकच असतं : पासबुकाचं मशीन चालू आहे का?

साहेब ट्रेनिंगहून आले ते सोमवारी. हातात स्पायरलची फाईल, खिशाला नवं पेन आणि चेहऱ्यावर तीन दिवस चांगलं जेवण मिळाल्याची कळा. एरवी ते केबिनमध्ये जाऊन बेल वाजवतात. त्या दिवशी बेल वाजलीच नाही. साहेब स्वतः बाहेर आले, थेट हेडकॅशियर मॅडमच्या काउंटरपाशी उभे राहिले आणि अत्यंत मृदू आवाजात म्हणाले, “मॅडम, आज तुम्हाला कसं वाटतंय?”

मॅडम त्रेसष्टाव्या नोटेवर होत्या. त्यांचा आकडा गेला. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, आणि गड्डी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली. मला एवढंच दिसलं, की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मग साहेब कर्जाच्या टेबलाकडे वळले. तिथल्या अधिकाऱ्याने “कसं वाटतंय?” ऐकल्याबरोबर ड्रॉवर उघडून तीन फायली बाहेर काढल्या आणि म्हणाला, “सर, ही प्रकरणं मी आजच क्लिअर करतो.” त्याला वाटलं, कुणीतरी तक्रार केली. मामांना विचारलं तेव्हा मामा म्हणाले, “बरं वाटतंय, साहेब.” मामांना गेल्या तीस वर्षांत कुणीही काहीही विचारलं तरी ते हेच उत्तर देतात. हे उत्तर साहेबांनी वहीत टिपून घेतलं.

रांगेतल्या एक आजी हा सोहळा बघत होत्या. ठेवीचं व्याज न्यायला त्या दर तीन महिन्यांनी येतात. त्यांनी काचेच्या भोकाला तोंड लावून मला विचारलं, “ह्या सायबाला बरं नाय का रं बाबा? समद्यांना कसं वाटतंय, कसं वाटतंय इचारत सुटलाय.”

“ट्रेनिंगहून आलेत, आजी,” मी म्हटलं. “माणसांकडून काम कसं करून घ्यायचं याचं ट्रेनिंग.”

आजींना हे फार गमतीचं वाटलं. त्यांच्या उमेदीत आत्ता कंपन्या आहेत त्या बाजूला भात होतं. लावणीला म्हणे पंधरा-वीस बाया एका ओळीत, गुडघाभर चिखलात, मागे मागे सरकत. आजी ‘म्होरं’ असायच्या. म्होरं असणारीने काय करायचं? तर गाणं धरायचं, आणि गाता गाता डोळा ओळीवर ठेवायचा. एखादी मागे राहिली तर तिला हाक मारायची नाही. हाक मारली की ती ओशाळते आणि आणखी मागे पडते. दोन चलाख बायांच्या मध्ये तिला घ्यायचं. त्या दोघी तिच्या वाटचे चार चूड बोलता बोलता लावून टाकतात. “आन्‌ लेकुरवाळी असंल तर तिला बांधाच्या कडंला द्यायची. प्वार रडलं तर पटदिशी जाता येतं.” इर्जिकीला तर मजुरीही नसायची. एकाच्या रानात भावकीने येऊन काम उरकायचं आणि ज्याचं रान त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. पण जेवण कसं झालं होतं यापेक्षा, घरधनीण स्वतः वाढायला उभी राहिली होती की नाही, यावर पुढच्या वर्षी किती माणसं येणार ते ठरायचं, असं आजी म्हणाल्या. मग त्यांनी व्याज मोजून घेतलं, दोनदा मोजलं, आणि गेल्या.

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. बी. कॉम.ला आम्हांला फ्रेडरिक टेलर होता. १९११ सालचं त्याचं ‘शास्त्रीय व्यवस्थापन’. या गृहस्थाने फावड्यात एका वेळी किती पौंड माल घेतला तर मजूर दिवसभरात जास्तीत जास्त काम करतो ते घड्याळ लावून काढलं, आणि उत्तर आलं साधारण एकवीस. मजुराला कसं वाटतंय हे काही त्याने मोजलं नाही. त्यासाठी फावडं नव्हतं. त्याच्या पाठोपाठ मॅस्लो आला. त्याने १९४३ साली माणसाच्या गरजांची उतरंड लावली. खाली अन्नपाणी, वर स्वतःमधल्या गुणांचं चीज होणं. परीक्षेत त्या उतरंडीचा त्रिकोण काढला की चार मार्क हमखास मिळायचे. बाईला बांधाच्या कडेला ठेवावी, हे मात्र कुठल्याच पायरीवर लिहिलेलं नव्हतं.

एक प्रयोग तेवढा माझ्या आवडीचा होता. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून काही वर्षं असं तपासत होते, की दिव्यांचा उजेड वाढवला तर कामगारांचं काम वाढतं का. उजेड वाढवला, काम वाढलं. मग कमी केला, तरी काम वाढलं! शास्त्रज्ञ चक्रावले. पुढे एल्टन मेयो वगैरे मंडळींनी असा अर्थ लावला, की उजेडाचा संबंधच नाही. आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय, एवढ्यानेच ती माणसं कामाला लागली होती. नंतरच्या संशोधकांनी त्या आकड्यांवर बऱ्याच शंका घेतल्या आहेत. माझीही एक आहे. आमच्या शाखेतल्या चारपैकी दोन ट्यूबलाइट गेली दोन वर्षं बंद आहेत, आणि आमच्याकडे सी.सी.टीव्हीचे सहा कॅमेरे अखंड लक्ष देत असतात. काम आहे तेवढंच आहे.

लक्ष देण्यातही प्रकार आहेत, आणि माणसाला तो फरक फार लवकर कळतो. आमच्याकडे येणाऱ्या पट्टेवाल्या इंजिनियर मुलांना विचारा. (पूर्वी पट्टेवाला म्हणजे शिपाई. आता लाखाचा पगार असणारेही पट्टा घालूनच हिंडतात. एवढी समता आली.) टोकन हातात घेऊन बसले की ही मुलं बोलायला लागतात. एकदा एकजण सांगत होता, की त्यांचा मॅनेजर दर पंधरा दिवसांनी एकेकाला वेगळं बोलावून गप्पा मारतो. आधी कौतुक करतो, मग जे सांगायचं ते सांगतो, मग पुन्हा कौतुक करतो. याला त्यांच्यात सँडविच म्हणतात.

“मग बरं आहे की,” मी म्हटलं.

“कसलं बरं, काका! आता सरांनी ‘छान काम’ म्हटलं की पोटात गोळाच येतो. पुढचा स्लाइस यायची वाट बघत बसायचं.”

त्याचा वाढदिवस झाला तेव्हा कंपनीने केक आणला होता, संगणकाने सगळ्यांना आपोआप पत्रं पाठवली होती. त्याच आठवड्यात त्याची आई दवाखान्यात होती. ते संगणकाला माहीत नव्हतं. मॅनेजरला माहीत होतं का, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, “मी सांगितलं नव्हतं.” मग थोडं थांबून म्हणाला, “पण मी आठवडाभर डबा आणला नव्हता.” तेवढ्यात त्याचा नंबर लागला.

ही डबा न आणल्याची गोष्ट आमच्या मामांच्या तासाभरात ध्यानात आली असती.

माझ्या डोक्यात विचार येतो, की वरच्या खुर्चीत बसून खालच्याचा डबा ज्यांना दिसतो, ती माणसं असतात तरी कोण? आपल्याकडचंच एक उदाहरण घ्या, लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. हे मूळचे मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मधले शिक्षक. तिथे बढतीची वेळ आली तेव्हा यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली. पुढे औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंग आणि साप यांचं ते माहेरघर. त्या वाडीच्या रात्रीच्या राखणीला त्यांनी कोणाला ठेवावं? तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना! गावाने ज्यांना दारात उभं केलं नसतं त्यांच्या भरवशावर कारखाना झोपायचा. आणि त्यांनी भरवसा राखला. त्याच औंध संस्थानात १९३९ साली मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनियरच्या पुढाकाराने आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही भिंतीवाचूनची कैद्यांची वसाहत निघाली. तीच गोष्ट माडगूळकरांनी लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ म्हणून पडद्यावर आणली. लक्ष्मणरावांनी भावनिक बुद्धिमत्तेचा अभ्यासवर्ग केलेला नव्हता. पण डावललं गेल्यावर माणसाला कसं वाटतं, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नसणार.

बँकेत असलं काही करता येत नाही, हेही खरं. कारखाना विश्वासावर चालेल, बँक अविश्वासावर चालते. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या. एक साहेबांकडे, एक कॅशच्या प्रमुखाकडे. एकट्याने ती उघडूच नये अशी सोय. एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासायची, दुसऱ्याने तपासलेली तिसऱ्याने. काही जागांवरच्या माणसाला तर वर्षातून काही दिवस सक्तीने रजेवर धाडतात, तेही अचानक. तो विश्रांती घ्यावा म्हणून नव्हे, त्याच्या मागे काही सापडतं का ते पाहावं म्हणून. रजा मागितली तर मिळत नाही आणि नको असताना मिळते ती या कारणाने. अशा ठिकाणी “आपण सगळे एक कुटुंब आहोत” असं साहेब म्हणाले, की मला आमच्या भावकीतले जमिनीचे दावे आठवतात.

तरी याच बँकेत मी एकदा निराळं पाहिलं आहे.

२०१६ ची गोष्ट. मी तेव्हाही माणलाच होतो. मध्ये तीन वर्षं पौडला काढून परत आलो. शाखेला मॅनेजर होत्या त्या एक बाई. भावनिक बुद्धिमत्तेच्या परीक्षेला बसल्या असत्या तर पस्तीस मार्कांची मारामार. तोंड फटकळ, आवाज असा की स्ट्राँगरूममध्येही ऐकू यावा. “कसं वाटतंय?” हे शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकले नाहीत. कसं वाटतंय ते त्याच सांगायच्या.

८ नोव्हेंबरच्या रात्री आठला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. दहा तारखेला शाखा उघडली तेव्हा रांग कुठवर गेली होती ते दिसत नव्हतं. बांधकामावरचे मजूर, हाउसकीपिंगच्या बाया, लॅपटॉप मांडीवर घेऊन रांगेतच काम करणारी मुलं, आणि जमिनीच्या पैशांतले जे घरात ठेवले होते ते पिशवीत घालून आलेले गावकरी. चार हजारांपर्यंत बदलून द्यायचे. मग साडेचार हजार. मग बोटाला शाई लावा. मग दोनच हजार. सकाळचा नियम दुपारी बदलायचा. शनिवार-रविवारीही बँक चालू. काउंटरवर आमच्याकडे नवा लागलेला एक मुलगा होता, विदर्भातला, नोकरीला तीन महिने झालेला.

दुसऱ्या आठवड्यातल्या एका रात्री साडेनऊला त्याची कॅश दहा हजारांनी कमी भरली. दोन हजारांच्या पाच गुलाबी नोटा. कॅश कमी भरली की कॅशियरने भरून द्यायची, ही बँकेतली जुनी रीत. तो मुलगा पुन्हा पुन्हा मोजत होता आणि त्याची बोटं थरथरत होती. कुणीच काही बोलत नव्हतं. आपल्या काउंटरवर झालं नाही, याचं एक हलकं वाटणं असतं. ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून सगळे खाली बघत होते.

बाईंनी मामांना चहा सांगितला, पदर खोचला आणि त्याच्या शेजारी स्टूल ओढून मोजायला बसल्या. साडेदहापर्यंत मोजलं. नाहीच. मग वरच्या ऑफिसात फोन लावावा लागला. पलीकडचा आवाज आम्हांला ऐकू येत नव्हता, बाईंचा सगळ्या माणला येत होता.

“हो सर, दहा हजार शॉर्ट. शाखेचे... नाही सर, काउंटर कुणाचा ते लिहून ठेवलंय, पण सगळे काउंटर माझेच आहेत. रात्री साडेदहा वाजलेत. सकाळी सातला ही माणसं घरून निघालीत. नमस्कार.”

फोन ठेवून त्यांनी कागदावर हिशेब केला : त्यांचे चार हजार, आणि मुलासकट बाकी सहाजणांचे एकेक हजार. रोख तर कुणापाशीच नव्हती. बँकेत बसून आमच्याही खिशात रद्द झालेल्याच नोटा! म्हणून प्रत्येकाने आपापल्या खात्याची स्लिप भरायची. मामांना त्यांनी धरलं नव्हतं. मामांनी चहाचे कप गोळा करता करता कागद पाहिला आणि म्हणाले, “बाई, मी काय परका हाय का?” बाई त्यांच्यावर खेकसल्या, “तुमचा पगार केवढा!” मामा हलले नाहीत. शेवटी बाईंनी आपला आकडा खोडून तीन हजार केला, शेजारी छोटी सही केली, आणि मामांना स्लिप दिली.

ते पैसे पुढे कधी सापडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तो मुलगा बंद शटरापाशी उभा होता. बाईंनी आल्याआल्या त्याला झापलं, की गड्डीच्या स्लिपेवरची सही वाचता येत नाही, शाळेत अक्षर काढायला शिकला नाहीस का? तो ‘हो मॅडम’ म्हणाला आणि पुढे ३० डिसेंबरपर्यंत, नोटा भरण्याची मुदत संपेपर्यंत, एकदाही उशिरा आला नाही. आम्हीही आलो नाही. का, ते आम्ही एकमेकांत कधी बोललो नाही.

बाई कारकुनाच्या खुर्चीतून वर आलेल्या होत्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांचीही कॅश कमी भरली होती आणि ती त्यांनी एकटीने, पगारातून कापून घेऊन भरली होती. हे त्यांनी आम्हांला सांगितलं नाही. मामांना ठाऊक होतं. मामांना कसं ठाऊक, हे विचारायचं नसतं.

आमचे आत्ताचे साहेब काही वाईट नाहीत. ते थेट अधिकारी म्हणून लागले, त्यांना काउंटरच्या अलीकडची खुर्ची कधी मिळालीच नाही, हा काय त्यांचा दोष? रोज संध्याकाळी त्यांची वरच्या साहेबांबरोबर संगणकावर बैठक असते. पडद्यावर सगळ्या शाखांचे आकडे येतात. विमा किती विकला, ठेवी किती आणल्या. जे कमी ते लाल रंगात. माण बहुधा लालच असतं. “बोला माण, काय प्रॉब्लेम आहे?” असं पलीकडून येतं, आणि साहेब “करतो सर, करतो सर” म्हणत राहतात. तिथे त्यांना कसं वाटतंय, हे त्या अभ्यासवर्गाला पाठवणाऱ्यांपैकी कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. बैठक संपली की मामा न सांगता चहा आत नेतात. बिनसाखरेचा. साहेबांना साखर आहे, हे आम्हांला ते रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी समजलं होतं.

तर या ट्रेनिंगचंही एक प्रपत्र निघालं. बँकेत भावनासुद्धा तीन प्रतींत असतात. ‘भावनिक बुद्धिमत्ता : अंमलबजावणी अहवाल, दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत’. रकाने होते : एकूण कर्मचारी. भावनिक संवाद साधलेले कर्मचारी. संवादानंतर प्रेरित झालेले कर्मचारी. शेरा. असले अहवाल मराठी-इंग्रजीत ठाकठीक करायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून साहेबांनी मला केबिनमध्ये बसवलं.

“एकूण कर्मचारी?”

“साहेब, तुम्हाला सोडून आठ.”

“संवाद आठ. सगळ्यांशी बोललोय मी, वहीत आहे.” त्यांनी वही उघडून दाखवली. “प्रेरित... सात लिहावं का? आठपैकी आठ जरा संशयास्पद दिसतं.”

मी म्हटलं, सात बरं दिसेल. तेवढ्यात मामा चहा घेऊन आले. साहेब त्या दिवशी खुशीत होते. गाडी एका झटक्यात लागली होती. म्हणाले, “मामा, तुमच्या नातवाचं जावळ होतं ना? अर्ज आला होता तुमचा. कधी आहे?”

“झालं, साहेब. गेल्या गुरुवारी.”

“मग? गेला नाहीत?”

“तुम्ही नामंजूर केली होती रजा. निकड होती कामाची.” मामांनी कप ठेवला, कानाची दिशा टेबलाच्या आतल्या बाजूला वळवली, म्हणजे साहेबांना धरायला सोयीचं पडेल अशी. “बरं झालं म्हणत्यात कार्य.”

आणि मामा गेले.

साहेबांनी वही उघडली. पानं मागे उलटत सोमवारवर आले. मला उलटीकडून वाचता येत होतं : ‘मामा – बरं वाटतंय.’ नामंजुरीची सहीही त्यांनी त्याच सोमवारी दुपारी केली होती. अर्ज मीच आत नेऊन ठेवला होता. चहावर साय धरली तरी ते वहीकडेच बघत होते. बाहेर कुणीतरी पासबुकाचं मशीन चालू आहे का म्हणून विचारत होतं.

मग त्यांनी प्रपत्र आपल्याकडे ओढलं, ‘संवाद साधलेले’ या रकान्यातल्या आठवर रेघ मारली आणि वर सात लिहिलं. बँकेत खाडाखोड केली की शेजारी सही लागते. ती त्यांनी केली.